घरपट्टीचा झोन कोणी आखायचा?

आरक्षण, ॲट्रॉसिटी, शिष्यवृत्ती, गायरान या विषयांवर आपले कार्यकर्ते रात्र रात्र बोलतात. बोललंच पाहिजे. पण बैठकीत कोणी घरपट्टीचा विषय काढला की निम्मी पोरं मोबाईल बाहेर काढतात. "तो ग्रामपंचायतीचा विषय आहे, चळवळीचा नाही" असं आम्हाला तोंडावर सांगितलं गेलं आहे. आमचं म्हणणं नेमकं उलट आहे. आपल्या माणसाचा राज्यव्यवस्थेशी दरवर्षी न चुकता जो एक कागदी व्यवहार होतो, तो घरपट्टीचा. त्या कागदावर आपल्या घराची किंमत कोणीतरी दुसराच लिहितो. ती कशी लिहिली, कोणत्या झोनमध्ये टाकली, शेजारच्या बंगल्याची किती लिहिली, हे विचारणं आंबेडकरी राजकारणाच्या बाहेरचं कसं?

आम्ही रायगडच्या किनाऱ्यावर काम करतो. मांडवा, किहीम, वरसोली, नागाव, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन हा आमचा फिरण्याचा पट्टा. इथली जमीन आता मुंबईच्या हिशेबात मोजली जाते. मार्च २०२० मध्ये मांडव्याची रो-रो बोट सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि किनारा मुंबईच्या आणखी जवळ आला. नारळी-पोफळीच्या वाड्यांत बंगले उभे राहिले. त्याच गावांत कोळीवाडा आहे, आगरी आळी आहे, ठाकरवाडी आहे आणि गावाच्या कडेला, बहुधा ओढ्यापलीकडे, बौद्धवाडी आहे. महसुली नोंदीत मात्र हे सगळं मिळून एकच गाव आहे. गोंधळ इथूनच सुरू होतो.

आधी आकारणी कशी होते ते नीट समजून घेऊ, कारण ही माहिती आपल्याला कोणी आपणहून देत नाही.

पूर्वी ग्रामपंचायती घराच्या क्षेत्रफळावर कर लावत. ती पद्धत न्यायालयात टिकली नाही. ३१ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने भांडवली मूल्याची पद्धत आली. तिचं गणित असं: जमिनीचं क्षेत्रफळ गुणिले शासनाच्या वार्षिक मूल्य दर तक्त्यातला जमिनीचा दर, अधिक बांधकामाचं क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर, त्यातून जुनेपणाचा घसारा. मग वापरानुसार भारांक. येईल ते भांडवली मूल्य आणि त्यावर हजारी काही पैसे कर. हा दर मातीच्या घराला कमी आणि आरसीसी स्लॅबच्या घराला जास्त असतो.

नगरपरिषदेची रीत वेगळी. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, उरण या गावांना १९६५ चा नगरपरिषद अधिनियम लागू आहे. तिथे घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती भाडं येईल हे गृहीत धरतात, दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करतात आणि उरलेल्या करयोग्य मूल्यावर कर लावतात. दर चार वर्षांनी फेरआकारणी होते. अशा वेळी गावाचे झोन पाडले जातात आणि झोनप्रमाणे चौरस मीटरचा भाडेदर ठरतो. बाजारपेठ एका झोनमध्ये, समुद्राकडची बाजू दुसऱ्यात, आतल्या आळ्या तिसऱ्यात.

आता एक साधं गणित करू. आकडे समजण्यापुरते आहेत. समजा वाडीतलं एक घर ४० चौरस मीटरचं आहे. जमिनीचा दर चौरस मीटरला १,००० रुपये धरला तर जमिनीची किंमत ४०,००० रुपये. घसारा वजा जाता बांधकामाची किंमत २ लाख. एकूण २ लाख ४० हजार. हजारी १ रुपया धरला तर कर २४० रुपये. काही वर्षांनी आजूबाजूला बंगले होतात, जमिनीचा दर १०,००० होतो. जमिनीची किंमत ४ लाख, बांधकाम २ लाखच धरू. एकूण ६ लाख, कर ६०० रुपये. घर तेच, भिंतीला नवा रंगसुद्धा नाही. घरातल्या माणसाची मजुरी अडीच पट झालेली नाही, घरपट्टी मात्र अडीच पट झाली.

आमच्या घरी पत्र्याचा एक डबा आहे. त्यात आई सगळ्या पावत्या ठेवते. घरपट्टीच्या, वीजबिलाच्या, आमच्या शाळेच्या फीच्यासुद्धा. एम.ए. ला समाजशास्त्र घेतलं तेव्हा सामाजिक स्तरीकरणावर आम्ही जाडजूड पुस्तकं वाचली. पण त्या डब्यातल्या पावत्या तारखेनुसार जमिनीवर मांडल्या तेव्हा जे दिसलं ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. आकडा पायऱ्या चढावा तसा चढत गेला होता आणि घर मात्र होतं तिथेच होतं. शेवटच्या पावतीचं कारण विचारायला आई पंचायतीत गेली. "भाऊसाहेब, आम्ही घर वाढवलं नाही, मग पट्टी कशी वाढली?" भाऊसाहेब सभ्यपणे म्हणाले, "मावशी, ते मी करत नाही. दर वरून येतो, कॉम्प्युटर काढतो." त्यात खोटं काही नव्हतं. पण 'वर' म्हणजे कुठे, तिथे कोण बसलं आहे आणि तिथे आपलं कोण आहे, हे विचारायला आईजवळ जागा नव्हती. आईने पैसे भरले, पावती घेतली, डब्यात ठेवली.

"अहो, दोन-चारशे रुपयांसाठी एवढं काय?" हा प्रश्न आम्हाला आपल्याच लोकांनी विचारला आहे. उत्तर रकमेत शोधू नका. थकबाकीनंतर काय होतं ते पाहा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १४ प्रमाणे, रीतसर बिल दिल्यावर तीन महिन्यांत कर भरला नाही तर माणूस सदस्यपदाला अपात्र ठरतो. म्हणजे अनुसूचित जातीच्या राखीव जागेवर निवडून आलेली आपली एखादी ताई घरपट्टीच्या थकबाकीवर घरी बसू शकते. दाखला मागायला गेलं की "आधी पट्टी भरा" हे वाक्य तर वाडीतल्या प्रत्येकाला पाठ आहे. बंगल्याचा मालक मुंबईत राहतो. त्याला ना इथे निवडणूक लढवायची असते, ना इथला दाखला लागतो. त्याची थकबाकी ही पंचायतीच्या वसुलीची डोकेदुखी असते. आपली थकबाकी आपल्या राजकीय हक्काच्या आड येते. एकाच कायद्याचा भार दोन माणसांवर असा वेगवेगळा पडतो.

मग काय करावं? सगळ्यांना सारखा दर लावावा? काही मित्र तसं सुचवतात, आणि "समता" हा शब्द वापरूनच सुचवतात. इथे आपण सावध राहायला हवं.

केरळ सरकारने १९६१ मध्ये इमारतींवर कर लावणारा कायदा केला. कर फक्त मजल्याच्या क्षेत्रफळावर. इमारत शहराच्या मध्यात असो की कोपऱ्यातल्या खेड्यात, माडी असो की गोदाम, क्षेत्रफळ सारखं तर कर सारखा. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कर संविधानाच्या अनुच्छेद १४ च्या विरोधात ठरवला. बांधकामाचा प्रकार, ठिकाण, वापर, त्यातून मिळू शकणारं उत्पन्न यांपैकी काहीच न पाहता सगळ्यांना एका मापाने मोजणं हाच भेदभाव आहे, हा त्या निकालाचा गाभा. असमानांना समान वागवलं की विषमता होते. आरक्षणाच्या वादात आपण हेच वाक्य शंभर वेळा बोललो आहोत. घरपट्टीत ते विसरायचं कारण नाही.

बाबासाहेबांनी हाच धागा फार आधी पकडला होता. फेब्रुवारी १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी शेतसाऱ्यावर बोट ठेवलं. प्राप्तिकर उत्पन्न पाहून लागतो, ठराविक मर्यादेखाली तो लागतच नाही. शेतसारा मात्र मोठ्या जमीनदाराला आणि तुकडाभर जमीन कसणाऱ्या गरिबाला एकाच न्यायाने लावला जातो, पीक बुडालं तरी लावला जातो, हा त्यांचा आक्षेप होता. कर देण्याची ऐपत पाहा, हे त्यांचं सांगणं. पुढच्याच महिन्यात महाडचा सत्याग्रह झाला. चवदार तळ्याकडे चालत जाणारा नेता आणि कराचं गणित मांडणारा अर्थतज्ज्ञ ही एकच व्यक्ती होती. आपण तळ्याची मिरवणूक लक्षात ठेवली आणि कराचं भाषण कपाटात ठेवलं.

म्हणून ठिकाणानुसार झोन पाडण्याच्या आम्ही बाजूने आहोत. समुद्र दिसणाऱ्या बंगल्याने जास्त भरावं, आतल्या वाडीतल्या घराने कमी भरावं, हे न्यायाचंच आहे. दिल्लीत २००४ पासून वसाहती 'ए' ते 'एच' अशा आठ गटांत विभागल्या आहेत आणि गटाप्रमाणे दर बदलतो. बंगळुरूने २००८ पासून सहा झोन केले. दोन्हीकडे भांडणं आहेत, चुकीच्या झोनच्या तक्रारी आहेत, पण एक गोष्ट साध्य झाली. आपलं घर कोणत्या गटात आणि का, हे सामान्य माणसाला विचारता येतं. आमचा प्रश्न पुढचा आहे. झोन किती बारीक पाडायचा आणि ती रेघ कोणी मारायची?

किनाऱ्यावर रेघ मोठी मारली की आपण मरतो. महसुली गावाचा एकच दर धरला तर बीचवरचा बंगला आणि ओढ्यापलीकडची वाडी एका मापात येतात. नगरपरिषदेत 'समुद्राकडची बाजू' असा एकच झोन केला तर त्यात हॉटेलही येतं आणि पिढ्यान्‌पिढ्या वाळूवर मासळी सुकवणाऱ्या कोळणीचं घरही येतं. तिने समुद्राचा देखावा विकत घेतलेला नाही. समुद्र हा तिचा कारखाना आहे.

इथे एक प्रतिवाद नेहमी येतो. जमिनीचा भाव वाढला म्हणजे तुम्हीही श्रीमंत झालात, मग कर द्यायला काय हरकत? भाव वाढतो तो विकणाऱ्यासाठी. आपण विकत नाही, आपण राहतो. विकू म्हटलं तरी वाडीतल्या कितीतरी घरांखालच्या जमिनीचा धड कागद नाही. नमुना ८ चा उतारा म्हणजे कर आकारणीची नोंद, मालकीचा पुरावा नव्हे. तोच उतारा घेऊन बँकेत घरकर्ज मागा, साहेब म्हणतील हे चालणार नाही. म्हणजे कर लावताना आपल्या घराला बाजारभाव, आणि कर्ज देताना त्याच घराची किंमत शून्य. गावठाणाचं ड्रोन मोजमाप करून मालमत्ता पत्रक देणारी स्वामित्व योजना २०२० मध्ये आली. पण जी वाडी गावठाणाच्या हद्दीबाहेर वसवली गेली, तिच्यावरून ते ड्रोन कशाला फिरेल? वेशीबाहेर आपण स्वतःच्या हौसेने गेलो नव्हतो.

दुसरी गोष्ट वापराची. झोन कितीही नीट पाडला आणि वापर चुकीचा लिहिला तर सगळं फुकट. किनाऱ्यावर कितीतरी बंगले शनिवार-रविवारी रात्रीच्या भाड्याने जातात. तरणतलाव आहे, आचारी आहे, ॲपवर फोटो आहेत. हा धंदा आहे आणि धंदा करण्यात वाईट काही नाही. पण पंचायतीच्या नोंदवहीत असा बंगला 'निवासी' म्हणून बसला असेल तर ती गावाची फसवणूक आहे. आणि त्यात सर्वांत जास्त कोण फसतं? आपण. कारण ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाच्या १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या विकासावर खर्च करायची असते.

पुन्हा समजण्यापुरतं गणित. एका बंगल्याचं मूल्य १ कोटी, कर हजारी २ रुपये, म्हणजे वर्षाला २०,०००. धंद्याचा वापर म्हणून समजा सव्वापट भारांक लागला असता, तर २५,०००. फरक ५,००० रुपयांचा. गावात असे ४० बंगले असतील तर वर्षाला २ लाख बुडाले. त्यातले १५ टक्के म्हणजे ३०,००० रुपये आपल्या वाडीचे. चार वर्षांचे १ लाख २० हजार. वाडीतला रस्ता, गटार, समाजमंदिराची गळणारी कौलं या पैशांतून होऊ शकली असती. बंगल्याची चुकीची नोंद हा बंगलेवाला आणि पंचायत यांच्यातला मामला आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे गणित एकदा वाडीच्या सभेत फळ्यावर मांडावं.

तिसरी गोष्ट ३ जून २०२० ची. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. पत्रे उडाले, कौलं फुटली, माड आडवे झाले. त्यानंतर ज्यांना जमलं त्यांनी कर्ज काढून, मुंबईकर भावाकडून पैसे आणून डोक्यावर स्लॅब घातला. पुन्हा वादळ आलं तर पोरं वाचावीत म्हणून. आकारणीच्या भाषेत मात्र ते घर आता वरच्या वर्गात गेलं. जमिनीचा दर वाढलेला, बांधकामाचा वर्ग वाढलेला आणि डोक्यावर कर्जाचा हप्ता. वादळापासून बचाव करण्याला चैन समजणारं हे कोष्टक बदललं पाहिजे.

आणि आता झोन पद्धतीतला खरा धोका. 'अ' झोन जास्त भरतो म्हणून त्याला आधी पाणी, आधी दिवे, आधी डांबर. 'ड' झोन कमी भरतो म्हणून त्याने थांबावं. असं कोणी लिहून ठेवणार नाही, पण बोललं जाईल. मग झोन ही नवी वेस होईल. याला उत्तर याच जिल्ह्यात, महाडात आहे. ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले, चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात असा तो ठराव. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव केला. तो कागदावरच राहिला, म्हणून २० मार्च १९२७ ला लोक चालत गेले. त्यावर ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला. न्यायालयातली लढाई १९३७ पर्यंत चालली. यातून आपण दोन गोष्टी शिकायच्या. सार्वजनिक पाण्यावरचा हक्क माणूस म्हणून असतो, कोणी किती पट्टी भरली यावर नाही. आणि नगरपालिकेचा ठराव मिळाला म्हणून घरी जाऊन झोपायचं नसतं.

या किनाऱ्याला 'किती द्यायचं हे कोण ठरवणार' हा प्रश्न नवा नाही. अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं जमिनी कसल्या नाहीत, पण खोताची मनमानी मान्य केली नाही. १७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक विधिमंडळात मांडलं. आगरी, कुणबी, महार यांची एकजूट या मातीत झालेली आहे. घरपट्टीच्या प्रश्नावर ती पुन्हा होऊ शकते, कारण कोळीवाडा आणि बौद्धवाडी इथे एकाच चुकीच्या रेघेत अडकले आहेत.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. झोनचं एकक महसुली गाव नसावं. पाखाडी, आळी, वाडी असावी. ठिकाणाआधी वापर पाहावा, आणि भाड्याने जाणाऱ्या बंगल्याला धंद्याचाच भारांक लागावा. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. मग किनाऱ्यावर त्याच मापाच्या, मालक स्वतः राहत असलेल्या एकुलत्या एका घराला निदान जमिनीच्या भाववाढीतून तरी सूट का नको? पंचायतीचं उत्पन्न बुडेल म्हणणाऱ्यांनी वाडीतल्या छोट्या घरांची एकूण पट्टी आणि चुकीच्या नोंदीतून बुडणारी बंगल्यांची पट्टी शेजारी शेजारी मांडून दाखवावी. वादळानंतर बांधलेल्या छोट्या स्लॅबच्या घराला काही वर्षं जुन्याच वर्गाचा दर राहावा. झोनचा नकाशा आधी वाडीत लावावा, मग ग्रामसभेत ठेवावा. आणि १५ टक्क्यांचा हिशेब त्याच सभेत वाचून दाखवावा.

वाचणाऱ्या प्रत्येक तरुणाला आमचं एकच सांगणं आहे. या महिन्यात आपल्या घराचा नमुना ८ चा उतारा काढा. क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वापर आणि दर हे चार रकाने आई-वडिलांसमोर मोठ्याने वाचा. चूक असेल तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. फेरआकारणीची यादी लागली की हरकतीच्या मुदतीत हरकत घ्या, मुदत गेली की रडून उपयोग नसतो. तिथे ऐकलं नाही तर पंचायत समितीकडे अपील करता येतं. वाडीतले दहा उतारे एकत्र करून एका कागदावर तक्ता करा आणि तो घेऊन पुढच्या ग्रामसभेत सगळे मिळून जा. एकटी आई गेली की तिला कॉम्प्युटर दाखवतात. पन्नास जण तक्ता घेऊन गेले की दर कुठून आला ते सांगावं लागतं.

जय भीम!